आर्वीकडच्या ओसरीवर चिंचोक्यांचा पोकर

वर्धा जिल्ह्यात पुलगावला रेल्वेतून उतरलं की आर्वीची एसटी मिळते. पूर्वी या वाटेवर नॅरोगेजची छोटी गाडी धावायची. ऑगस्टात दोन्ही अंगांना काळी जमीन, कपाशी, मधूनमधून तुरीचे तास. फाट्यावर उतरून थोडं चाललं की माझी सासुरवाडी.

2025 चा पोळा 22 ऑगस्टला होता. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची खास गाणी, रंगल्या आणि मग पुरणपोळीचं जेवण झालं. पोळा बघावा तर विदर्भातच, हे माझं ठाम मत आहे.

याच आठवड्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा आणि ऐन पोळ्याच्या दिवशी राष्ट्रपतींची मंजुरी. माझा मेहुणा पुण्यात नोकरीला. तो मोबाइलवर पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळायचा, ते बंद पडलं. "भाऊजी, समोरासमोर कधी खेळलोच नाही," तो म्हणाला. मी मित्रांबरोबर बरीच वर्षं खेळत आलोय, म्हणून त्या रात्री ओसरीवर सतरंजी टाकली.

सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, अट एकच: पैसा नाही. पोळ्याला गावोगाव पैशांचे डाव बसतात, धाडी पडतात, आणि ज्याच्या घरी आधीच पेरणीचं कर्ज आहे तोच त्यात बुडतो. त्यांनी हे जवळून पाहिलंय. म्हणून प्रत्येकाला 100 चिंचोके दिले. खेळायला आम्ही दोघं, मामाजी आणि शेजारचे निवृत्त मास्तर.

मेहुण्याला हिशेब येत होता, टेबल येत नव्हतं. मोबाइलवर आपली पाळी आली की खूण दिसते. इथे ती दिसत नाही. मास्तर विचार करत असतानाच त्याने पानं टाकून दिली. त्यामुळे आपल्यामागे एक माणूस कमी झाला हे मास्तरांना फुकटात कळलं. पानं बघायला तो ती छातीपर्यंत उचलायचा आणि कंदिलाच्या उजेडात शेजाऱ्याला राणी दिसायची. पानं सतरंजीवरच ठेवून हाताच्या आडोशाने फक्त कोपरा वर करायचा, हे त्याला करून दाखवलं. एकदा त्याने दहा चिंचोके पुढे सरकवले, मास्तरांचा चेहरा पाहिला आणि आणखी पंधरा टाकले. हे चालत नाही. आकडा तोंडाने आधी सांगायचा, नाहीतर सगळे एकाच वेळी पुढे ठेवायचे. तुकड्यातुकड्याने लावलं तर समोरच्याचा चेहरा वाचून रक्कम ठरवता येते. मधल्या ढिगात किती चिंचोके आहेत हेही इथे स्वतःच मनात मोजत राहावं लागतं.

या चुका एका रात्रीत सुटतात. खरी चूक वेगळीच होती, आणि ती जिंकून देणारी होती.

या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं असतात आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग चौथं (टर्न), शेवटी पाचवं (रिव्हर). त्याच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर बदामचा राजा, बदामची तिर्री, इस्पिकची दश्शी. टर्नला किलवरची दुर्री. ढिगात 40 चिंचोके. मामाजींनी आपले उरलेले 60 लावले. मेहुण्याने क्षणात कॉल केला, म्हणजे तेवढेच 60 टाकले. रिव्हरला बदाम आला, बदामाची पाच पानं जमून फ्लश झाला. मामाजींकडे राजाची जोडी होती. मेहुणा उड्या मारायला लागला.

मी त्याला हिशेब मांडून दाखवला. न दिसलेली पानं 46, त्यांत बदामाची 9, म्हणजे सुमारे 20 टक्के. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला हरवते म्हणून उरलेले तीन एक्के उपयोगी धरले तरी 26. आणि 60 घालून 160 च्या ढिगासाठी (आधीचे 40, मामाजींचे 60, आपले 60) खेळायचं तर साडेसदतीस टक्के शक्यता हवी. "पण जिंकलो ना?" तो म्हणाला.

उत्तर मामाजींनी दिलं. "बाबू, हे धूळपेरनी झाली. पानी आलं म्हून पेरनं बराबर होत नसते. पुढच्या साली तसंच पेरशीन अन् बियानं मातीत जाईन."

धूळपेरणी म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत केलेली पेरणी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. कोरडवाहू शेतकऱ्याने दुबार पेरणीचा खर्च सोसलेला असतो. निर्णय आणि निकाल वेगळे मोजायचे, ही गोष्ट पोकरवाल्यांना कळायला वर्षं लागतात. मामाजींना ती शेतातून ठाऊक होती. हरलेल्या डावाची चौकशी सगळेच करतात, जिंकलेल्याची कुणी करत नाही, आणि माझ्या मते नवा खेळाडू तिथेच अडकून बसतो. त्या रात्री मेहुण्याने वहीत डाव लिहून काढले, जिंकलेले आधी.

दुसऱ्या दिवशी गावभर पोरं लाकडी नंदी ओढत होती, तान्हा पोळा. दुपारी पुन्हा सतरंजी पडली. एका डावात टर्नपर्यंत मेहुण्याची इस्पिकची चार पानं जमली. ढिगात 40 आणि वर मामाजींचे 10. त्याने बोटं मोजली: 10 घालून 60 च्या ढिगासाठी, म्हणजे 17 टक्क्यांनाही परवडतं, आणि आपल्याकडे जवळपास 20 आहेत. शांतपणे "कॉल" म्हणाला. रिव्हरला चौकटची अठ्ठी आली. दहा चिंचोके गेले.

मामाजींनी ढीग स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "आता बराबर खेल्ला. वाट, पुढचा डाव वाट."