सैतानाचं व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार

डिसेंबरात इथे स्वीडनमध्ये, उप्सालात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. मग करायचं काय? शेजारच्या काकांनी तोडगा काढला. (काका हे मनातल्या मनात. इथे ऐंशीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. पहिले काही महिने माझी जीभच वळत नव्हती.) ते मला एका लोकसंगीताच्या बैठकीला घेऊन गेले.

तिथे पहिल्यांदा निकलहार्पा पाहिलं. गळ्यात पट्टा अडकवून पोटाशी धरायचं, उजव्या हाताने गज फिरवायचा, डाव्या हाताने लाकडी कळा दाबायच्या. हे या उप्लांड भागाचंच वाद्य. जवळ जाऊन बघते तर मुख्य तारांच्या खाली बारा बारीक तारा, ज्यांना कुणी हातही लावत नाही. "अगं बाई, तरफा!" मी चक्क मराठीत ओरडले. सतारीतही अशाच तारा असतात, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या. मी मिरजेची. बाबा सतारी दुरुस्त करायचे, त्यामुळे तरफा लावताना होणारी त्यांची चिडचिड ऐकतच मोठी झाले.

मग पोल्स्का सुरू झाली. तीन मात्रांचा नाच, म्हणून मी आपली दादऱ्याच्या हिशेबाने मांडीवर ताल धरला आणि चौथ्या आवर्तनात साफ पडले. मात्रा तीनच, पण सारख्या लांबीच्या नाहीत! कुठल्या गावची पोल्स्का आहे त्यावर कुठली मात्रा आखूड होणार ते ठरतं. काका म्हणाले, हाताने मोजू नकोस, नाचणाऱ्यांचे गुडघे बघ.

परत आल्यावर त्यांनी एक जुनी तबकडी लावली. 'केब्नेकाइसे' या बँडची दुसरी, 1973 ची. नाव स्वीडनमधल्या सर्वांत उंच डोंगराचं. केनी होकानसन हा त्यांचा गिटारवादक. 1971 ची पहिली तबकडी मी नंतर ऐकली. ती चांगली, जड, पण कुठल्याही देशात बनू शकली असती अशी. दुसरीत मात्र थेट दालार्ना प्रांतातल्या रेटविकच्या जुन्या चाली आहेत. काकांच्या खोलीत त्या ऐकताना मला आधी कळेचना की हे रॉक आहे की मघाची बैठकच पुढे चालू आहे.

लोकगीताखाली ड्रम ठोकले की फ्यूजन, हा प्रकार आपल्याकडेही भरपूर ऐकलाय, आणि मला तो सोसत नाही. इथे तसं नाही. गावाकडचे दोन व्हायोलिनवाले बसतात तेव्हा एक चाल वाजवतो आणि दुसरा तिच्या खालून आपली वेगळी ओळ चालवतो. केब्नेकाइसेच्या गिटारी नेमक्या तशाच एकमेकींना धरून चालतात. कुणी एकटा पुढे येऊन सोलो झोडत नाही. चाल तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच, आणि हळूहळू आपलं डोकं गरगरायला लागतं. सायकेडेलिक म्हणतात ते हेच असेल, तर पोल्स्का वाजवणारे म्हातारे ते आधीपासूनच करत होते.

हे एकदम उगवलं नव्हतं. यान योहानसनने 1964 मध्येच लोकगीतं जॅझ पियानोवर आणली होती. 1971 मध्ये मेरिट हेमिंगसनने ती हॅमंड ऑर्गनवर वाजवली. 'झाडं, गवत आणि दगड' अशा नावाचा एक बँड होता, जो एकाच सुरावर तंबोऱ्यासारखा तासन् तास रेंगाळायचा. या सगळ्या पिढीच्या चळवळीला इथे 'प्रोग' म्हणतात, पण तो शब्द संगीतापेक्षा राजकारणाचा. डाव्या विचारांची ही मंडळी, बाजारू संगीतावर त्यांचा राग. आब्बा हा इथला पॉप बँड 1974 ला युरोव्हिजन ही देशोदेशींच्या गाण्यांची स्पर्धा जिंकला, म्हणून पुढची स्पर्धा स्टॉकहोमला आली, तर यांनी त्याच शहरात निषेध म्हणून आपला पर्यायी महोत्सव भरवला. काका त्या महोत्सवाला गेले होते. आब्बाच्या तबकड्याही त्यांच्या कपाटात आहेत, जरा मागच्या रांगेत.

तबकडीवरची 'होर्गालोतेन' ही चाल मला सगळ्यांत आवडली. तिची गोष्ट अशी: हेल्सिंगलांड प्रांतातल्या होर्गा गावी नाच रंगला असताना एक अनोळखी वादक आला. त्याने अशी चाल धरली की कुणाला थांबताच येईना. एका पोरीला त्याच्या बुटाच्या जागी खूर दिसला, म्हणजे हा सैतानच, पण तोवर उशीर झाला होता. तो वाजवत डोंगर चढला, गाव नाचत मागून गेलं, आणि शेवटी माथ्यावर फक्त हाडं नाचत राहिली.

बैठकीतलं निकलहार्पा आणि ही तबकडी, दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून मी बाबांना मिरजेला पाठवली. सकाळी उत्तर आलेलं होतं. "गिटारवाली पोरं सुरात आहेत. पहिलीत तरफा कुणी लावल्यात? एक उतरलीय. सांग की त्यांना."

अजून सांगितलेलं नाही. पुढच्या गुरुवारी परत बैठक आहे.