ऑइल खाणारे इंजिन बांधताना

आमच्या घरच्या टाटा ४०७ चे इंजिन यंदा पूर्ण उतरवून नव्याने बांधून घेतले. गाडी जुनी आहे, टर्बोवाली (म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा असलेली), आणि तिचे काम ठरलेले आहे: दिंडोरीकडचा भाजीपाला रात्रीतून वाशीच्या बाजारात पोचवायचा आणि परतीला मिळेल ते भाडे घेऊन कसारा घाट चढून नाशिकला यायचे. घाट चढताना मागे निळा धूर, हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल आणि पूर्वी जिथे तिसऱ्या गिअरवर निघून जात असे तिथे दुसरा टाकावा लागणे, अशी तिची अवस्था झाली होती. ऑइल ओतत राहून गाडी रेटणारे पुष्कळ आहेत आणि काही काळ ते निभावतेही. परंतु जळलेले ऑइल पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या खाचांत कार्बन होऊन बसते, रिंगा जाम होतात आणि मग झिजेला धरबंध राहत नाही.

आडगाव नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी एक साधी परीक्षा केली. इंजिन चांगले गरम झाल्यावर ते चालू ठेवूनच त्यांनी ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्याच तोंडावर उलटे ठेवले. झाकण भाताच्या पातेल्यावरच्या झाकणीसारखे थडथडू लागले आणि रेस दिल्यावर बाजूला उडून पडले. ज्वलनाचा दाब रिंगांना ओलांडून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठते त्या तळच्या भागात, उतरत असल्याची ती खूण होती. पेट्रोल इंजिनात उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल मिटतो, आत निर्वात तयार होतो आणि व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून, ऑइल ओढले जाते. आमच्यासारख्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलच नसल्यामुळे ती ओढ फार कमी असते. म्हणून डिझेल गाडी ऑइल खाऊ लागली की संशय आधी रिंगा, लाइनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) आणि टर्बोवर घ्यावा, गाइडवर नंतर. कॉम्प्रेशन गेजने उरलेली शंका फेडली. जिथे २५ ते ३० बार दाखवायला हवेत तिथे मधले दोन सिलिंडर २० च्याही खाली होते.

येथे ‘हाफ इंजिन’चा मोह होतो. ब्लॉक गाडीतच ठेवून वरून हेड आणि खालून चेंबर काढायचे, त्याच लाइनरमध्ये नव्या रिंगा आणि नवे बेअरिंग घालायचे आणि गाडी लवकर रस्त्यावर आणायची. लाइनर सरळ असेल तर हे काम वाईट नाही, पण आमच्या बाबतीत मापे वेगळे सांगत होती. या इंजिनाचा आकडाच त्याची ओळख सांगतो: ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १०० मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) धरला की २,९५६ सीसी होतात. आमचा बोअर डायल गेजने मोजला तेव्हा खालच्या बाजूला झीज नगण्य होती, तर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात तो सुमारे ०.२२ मि.मी. मोठा झाला होता. वरच्या टोकाला दाब आणि उष्णता सर्वाधिक, ऑइलचा थर सर्वात पातळ आणि पिस्टनचा वेग शून्यावर येतो, त्यामुळे झीज तिथेच होते. आता व्यास ०.२२ ने वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे जवळपास ०.७ मि.मी. वाढतो. कोऱ्या रिंगेच्या तोंडातली फट ०.४ मि.मी. ठेवून ती खाली बसवली तरी वर जाईपर्यंत फट १.१ मि.मी. होणार आणि प्रत्येक फेऱ्याला रिंग उघडणार-मिटणार. अशा बोअरमध्ये कोणत्याही कंपनीची रिंग टाकली तरी ती टिकत नाही, आणि मग दोष मात्र रिंगेला दिला जातो.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो पुढचा प्रश्न: एवढी झीज आली कोठून? किलोमीटर पुष्कळ झाले होते हे खरे, पण मधले सिलिंडर आणि बाजूचे सिलिंडर यांच्यातला फरक आणि टर्बोच्या पंख्याची अवस्था पाहता केवळ वयाचे कारण पटत नव्हते. पंख्याच्या पात्यांच्या कडा धार जाऊन भुरकट झाल्या होत्या. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा रबरी नळा काढून आतून बोट फिरवले तेव्हा बारीक तांबूस मातीची रेघ बोटाला लागली, आणि ती रेघ ज्या चिरेपाशी सुरू होत होती ती चीर नेमकी क्लिपच्या खाली दडलेली होती. वरून पाहणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते. शिवारातल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत जात होती. हा नळा न बदलता नवे पिस्टन घातले असते तर एका हंगामात पुन्हा तीच गत झाली असती.

ब्लॉक अंबडच्या मशीन शॉपमध्ये गेला. जुने लाइनर काढून अर्धे तयार लाइनर प्रेसवर दाबून बसवले आणि मग त्यांना ९७ मि.मी. च्या मापावर बोअर व होन केले, म्हणजे आतून कापून दगडाने घासले. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या असाव्या लागतात, कारण त्या बारीक चऱ्यांत ऑइल धरून राहते. गुळगुळीत आरशासारखा बोअर दिसायला छान, पण रिंग त्यात बसत नाही. त्यानंतरचे काम बहुतेक ठिकाणी उरकले जाते, ते म्हणजे धुणे. डिझेलने किंवा पेट्रोलने धुतल्यास होनिंगच्या दगडाची पूड रेघांत तशीच राहते. लेथवाल्या काकांनी गरम पाणी, साबणाची पावडर आणि ब्रश घेऊन बोअर घासले, पुसून ऑइल लावले आणि पांढरे फडके आत फिरवले. फडके करडे निघाले. पुन्हा धुतले, पुन्हा फिरवले, आणि फडके जसे पांढरे आत गेले तसेच बाहेर येईपर्यंत त्यांनी ब्लॉक सोडला नाही.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, १० थाऊ (इंचाचे दहा हजारांश), म्हणजे ०.२५ मि.मी., खाली घासून त्या मापाचे बेअरिंग घातले. क्रँक घासताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेवावी लागते. तो कोपरा टोकदार झाला तर क्रँक पुढे तिथूनच तडकते. हेडला दाबाखाली गरम पाण्यात तपासून तडा नसल्याची खात्री केली, गाइड बदलले आणि व्हॉल्व्हच्या सीटा कापल्या. व्हॉल्व्ह हेडमध्ये जास्त खोल बसला तर ज्वलनकक्षाचे आकारमान वाढून कॉम्प्रेशन उतरते, हे लक्षात ठेवून खोली मोजली.

आता शक्ती वाढवण्याविषयी. ‘भाऊ, पंप थोडा वाढवून देऊ का? गाडी उडेल,’ असे मिस्त्रींच्या शेजारच्या एका फिटरने सुचवले. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे हा आपल्याकडचा सर्वात स्वस्त आणि सर्वात महागात पडणारा उपाय आहे. हवा तेवढीच असताना डिझेल वाढले की काही काळ ओढ वाढल्यासारखी वाटते, पण न जळलेल्या डिझेलचा काळा धूर येतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि लांब घाटावर त्याचा मार पिस्टनच्या माथ्याला आणि टर्बोला बसतो. आम्ही उलट दिशेने गेलो: हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी केली आणि डिझेल कंपनीच्या मापावरच ठेवले.

पोर्टमधल्या ओतकामाच्या उंचवट्या बारीक ग्राइंडरने काढल्या आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगची भोके पोर्टशी जुळवली, कारण पॅकिंगची कड आत डोकावत असेल तर तिथेच हवा अडते. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर तोलून सर्वात हलक्याच्या वजनाला आणले. टर्बोचा आतला संच नवा बसवला आणि त्याची ऑइल परतीची नळी कार्बन काढून मोकळी केली. ही नळी तुंबली की चांगल्या टर्बोमधूनही ऑइल हवेच्या वाटेत येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथली हवा मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्क्यांनी विरळ आहे, ती तूट टर्बोच भरून काढतो. चेपलेला एक्झॉस्ट पाइप मूळ व्यासाचाच नवा टाकला.

डिझेल फवारणारी नोझल आणि पंप मात्र टेस्ट बेंचवरच गेले. या बाबतीत नाशिककरांना सबब नाही. सातपूरच्या मायको कंपनीच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात, कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले तरी त्र्यंबक रोडवरचे सर्कल अजून मायकोचेच आहे, आणि पंप जाणणारे कारागीर शहरात जागोजागी सापडतात. आमच्या चारपैकी दोन नोझल फवाऱ्याऐवजी धार टाकत होती. ती बदलली आणि चारही सिलिंडरांना समान डिझेल मिळेल असा पंप लावून घेतला. जो ‘पिकअप’ स्क्रू फिरवून मागितला जातो, त्यातला बराचसा इथेच परत मिळाला.

ब्लॉक तोच असल्यामुळे इंजिन नंबर बदलला नाही आणि आरसी बुकाला हात लावावा लागला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, त्यामुळे मोठ्या गाडीचे इंजिन आणून बसवण्याचा सल्ला देणाऱ्यांकडे आम्ही लक्ष दिले नाही. पीयूसीमध्ये जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजण्याचे माप) आहे. आमचा आकडा तिच्या बराच खाली आला.

रनिंगच्या, म्हणजे नवे इंजिन रुळण्याच्या काळात गाडी तासन्‌तास उभी ठेवून चालू ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. रिंगेला लाइनरवर दाबून धरणारा वायूचा दाब लोडशिवाय मिळत नाही, आणि रिकाम्या चालीत लाइनरवर चकाकी येऊन रिंगा कायमच्या ऑइल सोडू लागतात. म्हणून अर्ध्या लोडवर सिन्नरच्या फेऱ्या केल्या आणि मोहदरी घाटात इंजिनाला मध्यम ओढ दिली, पण रेस ताणली नाही. पहिले ऑइल हजार किलोमीटरला बदलले आणि टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट पुन्हा लावली. आता ऑइल बदलायची वेळ येईपर्यंत डिपस्टिकवरची पातळी फारशी हलत नाही आणि कसाऱ्याला भरल्या गाडीत तिसरा गिअर पुरतो.

हे पाहून अण्णांनी आमच्या दुसऱ्या गाडीचेही इंजिन बांधून घ्यायचा आग्रह धरला आहे. तिचे झाकण उलटे ठेवून पाहिले, ते जागचे हलले नाही, आणि कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरांत बरोबर आहे. त्यामुळे तिला सध्या नवा एअर फिल्टर, नवा रबरी नळा आणि दोन चांगल्या क्लिपा एवढेच मिळणार आहे. अण्णा नाराज आहेत.