टाइल लागण्याआधी: भिंतीतल्या सीपीव्हीसी लाइनबद्दल

बाथरूमचं काम निघालं की घरातली सगळी मंडळी टाइलचा रंग आणि नळाचं मॉडेल बघायला दुकानात जातात. भिंतीत जाणारा पाइप मात्र प्लंबर आणतो, जोडतो, गवंडी प्लास्टर करून मोकळा होतो. पुढे शेजारच्या खोलीत ओल दिसली की टाइल फोडाव्या लागतात. फोडल्यावर पाइप धड निघतो आणि गळतो तो जोड. म्हणून जोडाबद्दल सविस्तर लिहितोय. पाइपबद्दल थोडक्यात.

घरात दोन तऱ्हेचे पाइप येतात. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याचा, ६० अंशांच्या वर तो टिकत नाही. फिकट पिवळसर सीपीव्हीसी गार-गरम दोन्हीला चालतो. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं, सीपीव्हीसीत ते ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत नेतात, त्यामुळे तो ९३ अंशांपर्यंत तग धरतो. पाइपवर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाइपचं भारतीय मानक) आणि एसडीआरचा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले पाइपच्या भिंतीची जाडी, म्हणजे आकडा लहान तितका पाइप जाड. एसडीआर ११ पाइप साध्या तापमानाला २८ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब घेतो, पण ८२ अंशांच्या पाण्याला तोच पाइप जेमतेम ७ किलोचा राहतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब सुमारे एक किलो, तेव्हा तीन-चार मजली इमारतीत एसडीआर १३.५ चा पाइपही पुरतो. तरीही भिंतीत गाडायचा असेल तर मी सरसकट ११ च सांगेन. पाइपमधला फरक टाइल फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

एक घोळ फार होतो. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी आणि पाऊण इंची यूपीव्हीसीचा २६.७ मिमी. नाव एकच, माप वेगळं. एकाचा एल्बो (काटकोनी जोडतुकडा) दुसऱ्याला बसवू नका. जोड चिकटवायचं सोल्युशनही अदलाबदल करू नका, सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच लागतं. डबा उघडा राहून सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर फेकून द्या. थिनर टाकून पातळ केलेलं सोल्युशन जोड धरत नाही.

आता जोड. पाइप काटकोनात कापा. तिरका कापला तर एका बाजूला चिकटायची जागाच कमी पडते. आतली-बाहेरची कोर खरवडून काढा, कारण धारदार कोर आत जाताना सोल्युशन पुढे ढकलत नेते. मग कोरडाच पाइप फिटिंगमध्ये घालून बघा. सॉकेट, म्हणजे फिटिंगचं पाइप घालायचं तोंड, आतल्या बाजूला निमुळता असतो, म्हणून पाइप एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडकायला हवा. सैल पडून तळाला टेकत असेल तर ती फिटिंग परत करा. सॉकेटची खोली अर्धा इंचीला १३, पाऊण इंचीला १८ आणि एक इंचीला २३ मिमी धरा आणि तेवढ्यावर पाइपला पेन्सिलची खूण करा. पाइपला सोल्युशनचा भरपूर हात, सॉकेटच्या आत पातळ हात. हे उलटं झालं की जादा सोल्युशन आत साठतं आणि पाइपची भिंत मऊ करून टाकतं. ओलं असतानाच पाइप आत दाबा, पाव फेरा द्या, खुणेपर्यंत न्या आणि किमान दहा सेकंद धरून ठेवा. ही दहा सेकंदं बहुतेक जण गाळतात. निमुळता सॉकेट पाइपला मागे ढकलतो, हात सोडला की पाइप तीन-चार मिमी सरकतो आणि जोड तिथेच अर्धा होतो. कडेभोवती बाहेर आलेल्या सोल्युशनचा सलग मणी दिसला म्हणजे जोड बरोबर झाला. मणी तुटक असेल तर तो जोड कापा आणि नवी फिटिंग घाला.

नळ, अँगल कॉक, मिक्सर जिथे येणार तिथे पितळी आट्यांचीच फिटिंग हवी. आट्यांवर सोल्युशन लावायचं नाही आणि सुतळी-सफेदाही नाही. सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला सोसत नाही, महिन्यांनी केसासारखी चीर पडते. टेफलॉन टेप गुंडाळा, हाताने घट्ट करा, पान्याने जेमतेम एक-दीड फेरा. जोर लावून आवळणं हे फिटिंग तडकण्याचं मोठं कारण आहे. मिक्सरला गरम पाणी डावीकडे, गार उजवीकडे, दोन्ही पॉइंटमध्ये १५० मिमी.

टेस्टिंग शेवटचा जोड झाल्यावर चोवीस तासांनी करा. सगळ्या पॉइंटना डमी (तात्पुरती बुचं) लावा, सर्वांत उंचावरची डमी थोडी सैल करून हवा पूर्ण जाऊ द्या, मग हँडपंपाने १० किलो दाब चढवून तासभर ठेवा. पहिल्या काही मिनिटांत पाइप ताणला जाऊन काटा किंचित उतरतो. पुन्हा १० वर आणा. त्यानंतरही उतरत राहिला तर गळती आहे. एकेक जोड कोरड्या कागदाने पुसत जा, सापडतो. ‘नळाला पाणी आलं, गळत नाही’ ही टेस्ट नव्हे. टाकीच्या एक किलो दाबाला अर्धा जोडही काही महिने तग धरतो. कॉम्प्रेसरच्या हवेने मात्र कधीच टेस्ट करू नका. दाबलेल्या हवेत पाइप फुटला तर तुकडे उडतात. प्लास्टर करण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतो.

भिंतीतल्या पाइपाला वाळवीचं औषध साचून लागू देऊ नका, त्यातलं रॉकेलसारखं द्रावक चिरा पाडतं. उघड्या लाइनला पाऊण इंचीपर्यंत दर तीन फुटांवर क्लॅम्प, पण पाइप त्यात सरकला पाहिजे. दहा मीटर लाइन ४० अंशांनी तापली की सुमारे २६ मिमी लांब होते. गच्चीवर ऊन लागत असेल तर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नाही.

सोलर वॉटर हीटर असेल तर आणखी एक काळजी. एप्रिल-मेमध्ये घर बंद असलं, पाणी वापरलं गेलं नाही, की पॅनेलमधलं पाणी ९३ अंशांच्या पुढे जाऊ शकतं. पॅनेल ते टाकी आणि टाकीतून निघणारा सुरुवातीचा काही फूट भाग धातूचा ठेवा, सीपीव्हीसी त्याच्या पुढे जोडा.