जर्मनीतल्या फ्लॅटमध्ये सिगारेट चालते का? आणि आपल्या फोंड्यात काय करता येईल

जर्मनी म्हणजे सगळ्याला नियम, तेव्हा फ्लॅटमध्ये सिगारेट ओढायला बंदीच असणार असं गोव्यात बऱ्याच जणांना वाटतं. मडगावच्या मैत्रिणीचा भाऊ मास्टर्सला इकडे जर्मनीत येतोय, त्यानेही परवा हेच विचारलं. तर बंदी नाही. भाड्याच्या घरात स्वतःच्या खोलीत ओढणं हा इथे घर वापरण्याचाच भाग धरतात, आणि घरमालकाला ते नको असेल तर छापील करारात एक ओळ घालून भागत नाही, भाडेकरूशी वेगळं बोलून ठरवावं लागतं. पण ओढून ओढून भिंती अशा करून ठेवल्या की साध्या रंगाने डाग झाकलेच जात नाहीत, तर खर्च भाडेकरूच्या डोक्यावर, असं इथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने २००८ मध्ये सांगितलंय, आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेतात, म्हणजे कापून घ्यायला मालकाकडे भरपूर पैसे असतात.

शेअरिंगच्या फ्लॅटला इथे वेगे म्हणतात. खोलीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं, खोलीत चालेल, फक्त बाल्कनीत चालेल, की कुठेच नाही. मुलांनो, भाडं आणि युनिव्हर्सिटीचं अंतर बघता तशी ही ओळही बघा, कारण एकदा राहायला गेल्यावर बाकीच्यांची सवय बदलायला सांगणं फार जड जातं. लाइपझिगला मी राहते त्या वेगेत आम्ही चौघं, त्यातले दोघं ओढणारे. किचनच्या बाल्कनीतच ओढायचं, दार पूर्ण लावून, आणि दोरीवर कुणाचे कपडे असतील तर थांबायचं, असं ठरलंय. दार पूर्ण का, तर इथल्या खिडक्या-दारं वरच्या बाजूने कलती उघडतात आणि त्या चार बोटांच्या फटीतून सगळा धूर आत येतो, थंडीत तर आत आलेला वास लोकरीच्या जॅकेटमधून आठवडाभर जात नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात लोणच्याची काचेची बरणी ठेवलीय, तळाला पाणी आणि वर झाकण, थोटकं त्यातच टाकायची आणि ज्याच्या थोटकाने बरणी भरली त्यानेच ती रिकामी करायची. दोघंही मनापासून पाळतात. बिल्डिंगचा जिना, तळघर वगैरेंसाठी हाउसऑर्डनुंग म्हणजे बिल्डिंगची नियमावली असते, ती खाली दाराशीच लावलेली असते, येताजाता वाचून घ्यायची.

खरी अडचण एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या धुराची. ब्रांडेनबुर्ग राज्यात प्रेमनिट्झ म्हणून गाव आहे, तिथे एकाखाली एक बाल्कन्या असलेल्या दोन घरांचं भांडण थेट कार्ल्सरूह शहरातल्या त्याच सर्वोच्च दिवाणी कोर्टापर्यंत गेलं. खालचं जोडपं बाल्कनीत ओढायचं, धूर वरच्यांकडे जायचा. आधीच्या दोन्ही कनिष्ठ कोर्टांनी वरच्या घरातल्यांची मागणी फेटाळली होती, पण जानेवारी २०१५ मध्ये कार्ल्सरूहने सांगितलं की बाल्कनी ओढणाऱ्याचीही आहे आणि न ओढणाऱ्याचीही, त्रास खरंच मोठा असेल तर दिवसातल्या काही वेळा बिनधुराच्या ठरवून घ्या. डॉर्टमुंडच्या कोर्टाने पुढे एका प्रकरणात तीन तास ओढायचे, तीन तास बिनधुराचे अशी वाटणीच करून दिली. मला हे फार पटलं. ओढणाऱ्याला त्याच्याच घरात गुन्हेगार केलं नाही आणि शेजाऱ्याला सहन करा असंही म्हटलं नाही, वेळ वाटून दिला.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे फोंड्यातलं आमचं घर. बाबांना दमा आहे. संध्याकाळी ते गॅलरीत बसतात, आणि बरोब्बर खालच्या गॅलरीत सिगारेट पेटते. पावसात तर जास्तच, हवा हलत नाही, धूर तिथेच कोंडून राहतो, आणि मग खिडक्या लावून आत बसायचं, भर दमटपणात, पंखा फुल करून. रात्री बाबा उशीला टेकून अर्धे बसलेले आणि आई पाठीवरून हात फिरवतेय हे व्हिडिओ कॉलवर बघणं सोपं नाही हो.

आपल्या गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्यावरचा कायदा १९९७ चा आहे, देशभरातल्या सार्वजनिक जागांवरच्या बंदीचे आताचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले, त्याच्याही कितीतरी आधीचा. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण हे सगळं सार्वजनिक जागेपुरतं, स्वतःच्या गॅलरीत कोण ओढतो त्यावर नाही. आई सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेली तर ते म्हणाले, भाभी, त्यांच्या घरात ते ओढतात, आम्ही काय सांगणार. त्यांचंही चुकीचं नाही.

मग मी आईला सांगितलं, बंद करा म्हणू नकोस, वेळ माग. चवथीला खालच्या वहिनी दर्शनाला आल्या तेव्हा आईने बाबांची औषधं, तो पंप, सगळं दाखवूनच विषय काढला, आणि दुसऱ्या दिवशी खालचे भाई स्वतः वर आले. आता संध्याकाळी पाच ते आठ आणि रात्री जेवणानंतर ते पुढच्या गॅलरीत ओढत नाहीत, मागच्या बाजूला जातात, तिथे आमची फक्त स्टोअररूम येते. कधी पाहुणे आले की विसरतात, मग आई फोन करते, भाई लगेच सॉरी म्हणतात.

पण हे दोन घरांत झालं, उद्या भाईंनी फ्लॅट भाड्याने दिला आणि नवीन माणूस आला की परत पहिल्यापासून. म्हणून आई सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला हा विषय लेखी देणार आहे: गॅलरीत ओढायच्या वेळा ठरवाव्यात आणि भाडेकरूला चावी देतानाच मालकाने त्या सांगाव्यात. जर्मनीतल्या निकालाबद्दल मी मराठीत एक पान लिहून पाठवलंय, सेक्रेटरींनी ते वाचायला घेतलंय. तुमच्या सोसायटीत कुणाला श्वासाचा त्रास असेल तर सांगा, तेच पान तुम्हालाही पाठवते.