तुम्ही विचारलंत म्हणून: एमिट ऱ्होड्सचे तेच ते अल्बम मी पुन्हा का घेते

"तेच चार अल्बम, तेही पन्नास वर्षांपूर्वीचे. ते नव्या पॅकिंगमध्ये आले की तू परत कशाला घेतेस?" हे मला घरचे विचारतात, मित्रमंडळी विचारतात, ज्यांनी या अमेरिकन गायक-गीतकाराचं, एमिट ऱ्होड्सचं, एकही गाणं ऐकलेलं नाही तेही विचारतात. आणि या प्रश्नाला चिकटून दुसरा येतोच: "एवढा चांगला होता, तर त्याचं नाव कुणाला माहीत कसं नाही?"

पहिल्या प्रश्नाचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो. त्यामुळे आधी दुसरा.

नाव माहीत होतं. 1967 मध्ये 'मेरी-गो-राउंड' या बँडचं 'लिव्ह' हे गाणं लॉस एंजेलिसच्या रेडिओवर गाजलं, ते याने लिहिलेलं आणि गायलेलं. 1970 मध्ये 'एमिट ऱ्होड्स' याच नावाचा अल्बम आला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तो अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातलं 'फ्रेश ॲज अ डेझी' सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, 54 पर्यंत गेलं. तेव्हा "लोकांना त्याची किंमत कळली नाही" हे जे सगळे म्हणतात, ते मला मान्य नाही. लोकांना कळली होती. लोकांनी खिशातले पैसे मोजून घेतला होता तो अल्बम. पुढे जे झालं ते लोकांनी केलं नाही.

ते नीट सांगते, कारण एवढं एक समजलं तर बाकीचे प्रश्न तुम्ही विचारणार नाही.

कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न हे गाव, बीच बॉइज या बँडमधले विल्सन भाऊ जिथे वाढले तेच. तिथे आईवडिलांच्या घरी या मुलाने स्वतःचा स्टुडिओ उभारला. अँपेक्स कंपनीचं चार ट्रॅकचं मशीन, म्हणजे एकाच टेपवर चार वेगवेगळ्या पट्ट्यांत आवाज भरता येणारं. ड्रम्स तोच वाजवणार, बेस तोच, गिटार तोच, पियानो तोच, मुख्य आवाज त्याचा आणि मागच्या सुरावटीतले सगळे आवाजही त्याचेच. आता हे काम कसं चालतं ते बघा. चौघांचा बँड असला की चौघं एकदम वाजवतात आणि तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत टेपवर उतरतं. एकट्या माणसाला ते होत नाही. त्याला आधी एक वाद्य अख्खं वाजवायचं, मग टेप मागे घ्यायची, ते ऐकत ऐकत दुसरं वाजवायचं, परत मागे, परत तिसरं. चार ट्रॅक भरले आणि आणखी काही घालायचं असलं की आधीचे एकत्र करून जागा करायची. एकदा एकत्र केले की नंतर ड्रम्स थोडे खाली घ्यावेत असं वाटलं तरी घेता येत नाहीत. शिवाय दर वेळी टेपची खरखर वाढते ती वेगळीच. म्हणजे पहिलं वाद्य वाजवतानाच अख्खं गाणं डोक्यात पुरं झालेलं हवं. 'प्रॉमिसेस आइव्ह मेड' ऐका आणि लक्षात ठेवा की त्यातले ड्रम्स दुसऱ्या कुणाच्या बेसला साथ देत नाहीयेत. तो बेस त्याच माणसाच्या दुसऱ्या फेरीतला आहे. तरी ते वाजतं मात्र एकमेकांकडे बघत वाजवणाऱ्या बँडसारखं.

एबीसी-डनहिल या रेकॉर्ड कंपनीने हा पहिला अल्बम घेतला आणि त्याला 5,000 डॉलर दिले. त्या पैशांतून त्याने आणखी सामान आणलं. करारात अट होती: दर सहा महिन्यांनी एक अल्बम.

दर सहा महिन्यांनी एक! गाणी लिहायची, प्रत्येक वाद्य वेगळं वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, ऐकून नापास करायचं, पुन्हा वाजवायचं, आणि हे सगळं एकट्याने. सही करताना त्याला हे दिसलं कसं नाही, असं एकाने मला विचारलं होतं. वीस वर्षांच्या मुलापुढे कंपनीने कागद ठेवला, त्याच्यापुढे स्वतःच्या स्टुडिओत हवं तसं रेकॉर्ड करण्याची मुभा होती. सही न करणारे वीस वर्षांचे किती जण आहेत ते मला दाखवा. आणि तो एकटा काम करतो हे कंपनीला ठाऊक नव्हतं असंही नाही. त्याच गोष्टीवर तर तो अल्बम उभा होता.

'मिरर' व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. तो 1971 मध्ये आला. वेळेत दिला नाही म्हणून कंपनीने त्याच्यावर 2,50,000 डॉलरचा दावा ठोकला आणि त्याची रॉयल्टी अडवून धरली. 5,000 दिले होते, मागितले त्याच्या पन्नास पट. दरम्यान त्याच्या जुन्या ए अँड एम कंपनीने, जिने त्याची आधीची गाणी कपाटात टाकून दिली होती, ती 'द अमेरिकन ड्रीम' म्हणून बाजारात आणली. एकाच माणसाचे दोन अल्बम, दोन कंपन्यांचे, एकमेकांच्या पायात. ग्राहकाने नवा समजून कुठला उचलायचा?

1973 मध्ये 'फेअरवेल टू पॅराडाइज' आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्या नावावर नवा अल्बम आलाच नाही. 1973. तेवीस वर्षांचा. पुढे तो दुसऱ्यांची रेकॉर्डिंग करत राहिला, मशीनच्या अलीकडच्या बाजूला बसून.

हा माणूस विसरला गेला नाही, त्याला थांबवलं गेलं. रीइश्यूच्या, म्हणजे जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांच्या, जाहिरातीत मात्र "विस्मृतीत गेलेला प्रतिभावंत" असं छापतात. म्हणजे दोष काळाचा, ऐकणाऱ्यांचा. दाव्याची गोष्ट आतल्या पुस्तिकेत असली तर असते.

"अहो, पण तो बीटल्सच्या मॅकार्टनीसारखा गातो." हो, गातो. आवाजाचा पोत तसा आहे, सुरावट वळवायची तऱ्हाही तशी आहे, मी नाकारत नाही. 1970 मध्येच पॉल मॅकार्टनीनेही बराचसा घरी, चार ट्रॅकवर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून पहिला एकट्याचा अल्बम केला. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. मला ऱ्होड्सचा जास्त बांधीव वाटतो, मॅकार्टनीचा जास्त मोकळा. पण मॅकार्टनीच्या मागे बीटल्सची पुण्याई होती. त्याला अर्धवट गाणी तशीच ठेवणं परवडत होतं.

आणि सगळंच उत्तम आहे असंही मी म्हणत नाही. 'मिरर'मध्ये तो जिथे आवाज चढवून रॉक करायला जातो, तिथे घाई ऐकू येते. प्रेमाच्या गाण्यांतले शब्द पुष्कळदा विशीतल्या मुलाचेच आहेत.

आता पहिला प्रश्न. 2001 मध्ये 'द रॉयल टेनेनबॉम्स' या सिनेमात त्याचं 'ललबाय' वाजलं आणि पुष्कळांना तो तिथे भेटला. जेमतेम मिनिटाभराची अंगाई. ती सुटी ऐकली तर गोड वाटते आणि संपते. अल्बममध्ये तिच्या पाठोपाठ 'फ्रेश ॲज अ डेझी'चा उड्या मारणारा पियानो येतो, आणि ती शांतता त्याच्यासाठीच राखली होती हे कळतं. मला क्रम हवा असतो. अल्बम अख्खा हवा असतो, शेवटच्या गाण्यानंतर बोनसची शेपटं न जोडता.

2009 मध्ये दोन सीडींमध्ये चारही अल्बम एकत्र आले तेव्हा मी हरखून गेले होते. न्याय झाला, असं मी भेटेल त्याला सांगत होते. पण ते एकत्र आले कसे? एबीसी 1979 मध्ये एमसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने घेतली, ए अँड एम 1989 मध्ये पॉलीग्रामने, आणि 1998 मध्ये पॉलीग्रामच युनिव्हर्सलच्या घशात गेली, जिथे एमसीए आधीच होती. ज्या दोन कंपन्यांनी त्याला दोन बाजूंनी ओढलं, त्यांची कपाटं एका मालकाकडे आली. त्यात त्याच्या बाजूचा निवाडा कुठे होता?

"मग घेतेस कशाला?" हे 2009 ची मीच आता मला विचारते, आणि तिचं तोंड मला बंद करता येत नाही. तेव्हा अडवलेली रॉयल्टी माझ्या खरेदीने भरून निघत नाही, हे मला ठाऊक आहे. पण खप थांबला की कंपन्या छापणं थांबवतात, आणि मग ऐकणाराला सिनेमातलं ते एक मिनिटच उरतं. ती म्हणते, ही सबब आहे. असेल. तिने तेव्हा घेतली नसती तर मलाही 'मिरर' अख्खा ऐकायला मिळाला नसता, एवढंच मी तिला सुनावते.

2016 मध्ये 'रेनबो एंड्स' आला. त्रेचाळीस वर्षांनी नवी गाणी. निर्माता ख्रिस प्राइस, साथीला जेसन फॉकनर, रॉजर मॅनिंग, एमी मान, सुझॅना हॉफ्स अशी मंडळी. या वेळी प्रत्येक वाद्य त्याच्या एकट्याच्या अंगावर नव्हतं. आवाज जाड झालेला, वरच्या पट्टीत पूर्वीसारखा न जाणारा. गाणी पक्की. "बघ, शेवटी मिळालंच ना त्याला," असं मला सांगितलं गेलं. 2020 च्या जुलैमध्ये, सत्तराव्या वर्षी, तो गेला तेव्हाही हेच सांगितलं गेलं. मला ते पटत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाचा चांगला अल्बम म्हणजे तिशीतल्या, चाळिशीतल्या माणसाच्या न झालेल्या अल्बमांची भरपाई नव्हे. पण तो वाईट असता तर बरं झालं असतं, असंही मला म्हणवत नाही, कारण त्या नव्या अल्बममधली काही गाणी मी 'फेअरवेल'पेक्षा जास्त वेळा लावते.

तुम्हाला ऐकायचं असेल तर 1970 चा घ्या, पहिल्या गाण्यापासून, मध्ये न थांबता. माझ्याकडे एकाहून जास्त प्रती आहेत, त्यातली एक घेऊन जा.