ओट्याखाली फणस की साग?

लाकडाची जात ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा: फळीत गाभा (आतलं गडद, पक्कं लाकूड) किती आहे आणि ती किती सुकली आहे. कोकणात ओट्याखालच्या कपाटांची शटरं (दारं) बिघडतात ती बहुतेक या दोन कारणांनी. परसातला कोवळा साग कापला की निम्मी फळी पांढरी निघते. त्यापेक्षा जुन्या फणसाचा पिवळाधमक गाभा कधीही बरा.

सालीखालच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणारा भुंगा त्यावर जगतो. सागाचा पांढरा भागही तो सोडत नाही. सकाळी शटरखाली तांदळाच्या पिठासारखी भुकटी आणि फळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, की तो आत आहे. (वाळवी अशी भुकटी सांडत नाही, ती मातीचे पापुद्रे चढवते.) म्हणून वखारीत फळी उलटून दोन्ही बाजू आणि कडा बघा. नुसती वरची बाजू बघून व्यवहार करू नये.

शटरसाठी माझी पहिली पसंती फणसाला. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, वजन सागाच्या आसपास, आणि पिवळा रंग उजेडाने वर्षा-दोन वर्षांत तांबूस तपकिरी होतो. अडचण एकच: रेषा उलटसुलट असतात, रंधा मारताना चिपा उखडतात. पातं धारदार हवं, कापणी अगदी पातळ, शेवटचा हात पॉलिश पेपरचा.

सागाला तोड नाही हे खरंच, पण तो तेलकट असतो. सांध्याला गोंद लावण्याआधी आणि पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारण्याआधी थिनरने पुसला नाही तर दोन्ही नीट धरत नाहीत.

आंबा स्वस्त, मिळतो भरपूर, पण गाभाही टिकाऊ नाही. ओंडका पडून राहिला की काळा-निळा डाग धरतो. वापरायचाच तर आतल्या खणांना. चिरल्या चिरल्या ओल्या फळ्यांना बोरॅक्सचं कीडरोधक औषध द्या: 10 लिटर कोमट पाण्यात 200 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड आणि 300 ग्रॅम बोरॅक्स. फळ्या बुडवून काही आठवडे प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे औषध आत मुरतं, मग सुकवा. पाण्याने हे औषध धुऊन जातं, त्यामुळे वर पॉलिश हवंच. ऐन, किंजळ ही लाकडं वाशांना ठेवा. शटरला जड होतात, बिजागरी ओढतात. शिवणीचं लाकूड हलकं आणि सरळ राहणारं, मिळालं तर ड्रॉवरला घ्या.

झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस तिन्ही आहेत. आधी परवानगी, मग करवत.

आता सुकवण. 1 इंची फळ्या सावलीत, जमिनीपासून दीड फूट वर, मध्ये 1 इंची पट्ट्या घालून रचा. सुकलं की नाही ते ओळखायला टोकापासून फूटभर आतला तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये 100 अंशांच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 560 ग्रॅमचा 500 झाला तर ओल 12 टक्के, म्हणजे काम सुरू करायला हरकत नाही.

तरीही पावसाळ्यात लाकूड फुगणारच. मे महिन्यातलं 11 टक्क्यांचं लाकूड श्रावणापर्यंत 16 वर गेलं, तर सागाची 350 मिमी रुंद फळी सुमारे 3 मिमी वाढते. म्हणून अखंड फळीचं शटर नको. चौकट आणि आत सुटं पॅनेल करा. चौकटीला अडीच इंची पट्ट्या, कुसवाचा सांधा (एका पट्टीचं कुसू दुसरीच्या भोकात), पॅनेलसाठी 10 मिमी खोल खाच. उन्हाळ्यात काम असेल तर पॅनेल प्रत्येक बाजूने 7 मिमीच आत घाला, 3 मिमी मोकळे सोडा. भर पावसात बनवत असाल तर जवळपास पूर्ण आत जाऊ द्या, ते पुढे आकसणार आहे. पॅनेलला गोंद लावायचा नाही. सुताराला हे दोनदा सांगा, सवयीने लावला जातो, आणि मग पॅनेल मधोमध फाटतं. पॉलिशही चौकटीत बसवण्याआधी मारा, नाहीतर डिसेंबरात कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते.

18 बाय 27 इंचाच्या सहा शटरांना घट धरून सव्वादोन घनफूट लाकूड पुरतं.

सिंकखालच्या कपाटाचा सांगाडा मात्र लाकडाचा करू नका. तिथे आयएस 710 (भारतीय मानक) चं पाण्यात टिकणारं मरीन प्लाय, सगळ्या कापलेल्या कडांना दोन हात पॉलिश, आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीपासून इंचभर अंतर, कारण जून ते सप्टेंबर ती भिंत ओल सोडत असते. स्क्रू, बिजागऱ्या 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं आणि सागात भोवती काळा डाग सोडतं.