जुमाऱ्याचा लहान अमोनाइट

कच्छमधील जुमारा येथून आणलेले अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे वेटोळेदार शंखजीवाश्म, साफ करून मोजण्याचे काम तेव्हा पुण्यात आमच्या प्रयोगशाळेत चालू होते. तिथल्या चारी शैलसमूहाच्या कॅलोव्हियन थरांत, म्हणजे सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळात, पेरिस्फिन्क्टिड कुळातील शंख सापडतात. त्यांतील तळहातावर मावणारा एक प्रकार नवी जाती म्हणून जाहीर करावा, असे माझ्या विद्यार्थिनीला वाटत होते. व्यास, नाभीची (वेटोळ्यांच्या मधल्या खोलगट भागाची) रुंदी, वेटोळ्याची उंची व जाडी आणि अर्ध्या वेटोळ्यावरील कंगोऱ्यांची संख्या यांची कोष्टके तिने नेटकी केली होती. नव्या नावाचा आधार ठरणारा आदर्श नमुनाही ठरवला होता.

मला शंका होती ती त्याच थरातील, व्यासाने दुपटीहून मोठ्या असलेल्या एका जातीमुळे. लहान शंख हे तिचीच पिल्ले असतील, तर नव्या नावाचा प्रश्नच उरत नव्हता. पण लहान शंखांत, शंखाचे आतून कप्पे करणारे शेवटचे पडदे एकमेकांच्या अगदी जवळ आलेले दिसत होते, आणि वाढ थांबत आल्याची ती खूण असते. मग त्या दिवशी सर्वांत कमी झिजलेल्या नमुन्याच्या तोंडाजवळचा दगड कंपनसुईने कण कण करून काढायला घेतला. दुपारनंतर तोंडाच्या कडेपासून पुढे आलेले, जिभेसारखे एक पाते उघडे पडले. असे पाते वाढ पूर्ण झाल्यावर येते. "मॅडम, म्हणजे हा पूर्ण वाढलेला आहे!" ती आनंदाने म्हणाली.

तो पूर्ण वाढलेला होता हे खरेच. मात्र त्याच पात्यामुळे नव्या जातीचा दावा दुबळा झाला. माकोव्स्की आणि कॅलोमन या जीवाश्मशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९६२ आणि १९६३ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले होते की अनेक अमोनाइटांत एकाच जातीचे दोन आकार असतात: साध्या तोंडाचा मोठा, आणि लहान, ज्याच्या तोंडाला बहुधा अशी पाती असतात. मोठा मादीचा आणि लहान नराचा, असे सहसा मानले जाते. मृदू शरीर हाती नसल्यामुळे मी वर्णनात तसे लिहीत नाही. नुसते एका थरात सापडणे हाही पुरावा नव्हे. शंखाची आतली वेटोळी म्हणजे त्याच्या लहानपणीची वाढ; म्हणून मोठ्या जातीचा एक तुटका शंख घेऊन त्याची बाहेरची वेटोळी काढली आणि आतली वेटोळी लहान शंखाच्या आतल्या वेटोळ्यांशेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कंगोरे दुभंगण्याची जागा, वेटोळ्याचा छेद, पडदे शंखाला जिथे जोडलेले असतात तिथल्या शिवणरेषा, कशातही फरक करता येईना.

कच्छच्या अमोनाइटांना नावांची कमतरता कधीच नव्हती. त्यांच्यावरचा जीवाश्मशास्त्रज्ञ वागेन यांचा ग्रंथ १८७३ ते १८७५ या काळात आला. पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ स्पॅथ यांनी १९२७ ते १९३३ मध्ये, इतरांनी जमवलेल्या संग्रहांवरून, आणखी कितीतरी जाती केल्या. त्या नोंदींत थरांचा तपशील तुटपुंजा असल्याने आज त्यांतील बऱ्याच जाती एकत्र कराव्या लागतात, आणि मला हे काम नवे नाव देण्याइतकेच मोलाचे वाटते. विद्यार्थिनीला ते लगेच पटले नाही. दोन आकार एकाच जातीचे ठरले की प्राधान्याच्या नियमाने आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते, आणि इथे ते मोठ्या शंखाचे होते. संध्याकाळी तिने मसुद्यातून स्वतः दिलेले नाव काढले, कोष्टके तशीच ठेवली आणि त्या जुन्या नावाखाली लहान आकाराचे, तोंडावरील पात्यासह, वर्णन लिहायला घेतले.